रात्री धाप, सकाळी दवाखान्यात मूल हसरं

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा आहे. ऑक्टोबर छाटणीपासून थंडी संपेपर्यंत महिन्यातून एकदा तरी त्याची छाती घरघरते, धाप लागते. घर द्राक्षबागेला लागून आहे. रात्री हाल होतात, सकाळी दवाखान्यात मात्र तो खेळत असतो. दर वेळी अँटिबायोटिक आणि वाफ मिळते. ‘मोठा झाला की जाईल’ असं सांगतात. डॉक्टरांपुढे नेमकं काय मांडू?
– एक आई, दिंडोरी तालुका, जि. नाशिक

उत्तर : पाच वर्षांखालच्या मुलाला फुंकायची तपासणी नीट जमत नाही. त्यामुळे या वयात दम्याचं निदान बरंचसं आईवडिलांनी सांगितलेल्या गोष्टींवरच ठरतं. तुमची नोंद हीच इथे तपासणी आहे, तेव्हा ती संकोच न करता पुढे ठेवा.

त्रास सुरू असताना मुलाचा सदरा वर करा, दिवा लावा आणि गळ्यापासून बेंबीपर्यंत दिसेल असा मिनिटभराचा व्हिडिओ काढा. आवाज टिपायचा असल्याने टीव्ही आणि पंखा बंद ठेवा. बरगड्यांखाली खड्डा पडतो का, गळ्याखालची खोबण आत ओढली जाते का, हे त्यात दिसायला हवं. आपण सगळ्यालाच घरघर म्हणतो, पण श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज आला तर अडचण बहुधा छातीतल्या बारीक नळ्यांत असते. श्वास घेताना आला तर घशाजवळ किंवा मोठ्या श्वासनलिकेत. दोन्हींचे उपचार वेगळे.

मूल झोपलेलं असताना पूर्ण 60 सेकंद श्वास मोजा. 15 सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एका लयीत नसतो. 1 ते 5 वर्षांच्या मुलात मिनिटाला 40 किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. तापातही आकडा वाढतो, म्हणून तापही लिहा.

वहीत तारीख, वेळ, आधी सर्दी होती का, कोणतं औषध दिलं आणि किती वेळात आराम पडला एवढं पुरे. बागायतदाराकडे फवारणीची नोंद असते. त्या तारखा शेजारी मांडा. जुळल्या तर फवारणीच्या वेळी खिडक्या बंद ठेवून मुलाला दुसरीकडे न्या. वर्षभरात तोंडाने स्टिरॉइडचे किती कोर्स झाले, हेही जुन्या कागदांवरून काढा.

मग थेट विचारा : आपण हा दमा धरून चाललोय का? नसेल तर दुसरं काय? अँटिबायोटिक कशासाठी? (या वयातली घरघर बहुतेकदा विषाणूमुळे होते.) रोजचा प्रतिबंधक इनहेलर दोन-तीन महिने देऊन बघायचा का, आणि फरक पडला की नाही हे कधी ठरवायचं? उत्तर केसपेपरवर लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे.

शेंगदाणा वगैरे खाताना ठसका लागून त्रास अचानक सुरू झाला असेल, तर हे सगळ्यात आधी सांगा. नळीत अडकलेला दाणा एक्स-रेत दिसत नाही. दुर्बीण घालून बघावं लागतं. चार आठवड्यांहून जास्त ओला खोकला, वजन न वाढणं, घरात टीबी किंवा जन्मापासूनचा त्रास असेल, तर मुलांच्या छातीच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी मागा.

ओठ निळसर, पाणीही पिता येत नाही, मूल गुंगीत किंवा ऑक्सिमीटरवर 92 च्या खाली आकडा : 108 ला फोन करा, सकाळची वाट बघू नका.

प्रश्न : मुलाला स्पेसर (इनहेलर आणि मास्कच्या मधली पोकळ नळी) लावून इनहेलर देतो, तरी फरक नाही. सवय तर लागत नाही ना?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : सवय लागत नाही. औषध पोचत नसावं. मास्क नाक-तोंडावर घट्ट बसला पाहिजे. बाजूला फट राहिली किंवा मूल रडत असलं तर औषध फार थोडं आत जातं. इनहेलर हलवा, एकच दाब द्या, पाच-सहा श्वास होऊ द्या. दुसरा दाब पुन्हा हलवून. दोन एकदम मारू नका.

प्लास्टिकचा स्पेसर कापडाने पुसला की त्यावर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं. भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच हवेवर वाळवा, नवा असेल तर वापरण्याआधीही. स्टिरॉइडचा इनहेलर असेल तर नंतर चेहरा पुसून पाणी पाजा. पुढच्या भेटीला स्पेसर बरोबर न्या आणि डॉक्टरांसमोर एक दाब देऊन दाखवा.