पाम्पाची पहिली प्लेट लावताना

आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. पाम्पा म्हणजे कृत्रिम लिपिड पडद्यातून औषध किती वेगाने पार होतं हे पाहणारी चाचणी. ती मोजते ते औषधाचं आपसूक झिरपणं, बाकी काही नाही. 1998 मध्ये रोश या औषध कंपनीच्या मॅनफ्रेड कान्सी आणि सहकाऱ्यांनी पद्धत मांडली तीही त्यासाठीच. पेशीच्या पडद्यातलं पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन औषध बाहेर ढकलतं का, हे पाम्पात दिसत नाही; त्यासाठी काको-2 (मानवी आतड्याच्या) सारख्या जिवंत पेशी वापरतात.

डोडेकेन या तेलकट द्रावकातलं लेसिथिन, म्हणजे पडदा बनवणारं लिपिड, सोडताना पिपेटचं टोक फिल्टरला टेकू देऊ नकोस. भोक पडलं तर एरवी हळू जाणारं अटेनोलॉलसुद्धा सुसाट पार होतं. लिपिड घातलं की लगेच बफर घाल. दाता (जिथून औषध निघतं ती) आणि ग्राही (जिथे पोचतं ती) प्लेटी जोडताना वरची तिरकी धरून हळूच टेकव. बुडबुडा अडकला तर तो खण बाद.

पीएचकडे मात्र खूप लक्ष दे, नवखे इथेच फसतात. कीटोप्रोफेन आम्लधर्मी, पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आयनित, म्हणजे विद्युतभारित, असतात तो) साधारण 4. पीएच 5 ला ते भराभर जातं, 7.4 ला जवळजवळ सगळे रेणू आयनित होतात आणि वेग पडतो. म्हणून पीएच न लिहिता दिलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही.

फक्त ग्राही बाजू मोजून थांबू नकोस. तेलकट रेणू पडद्यातच अडकून बसतात आणि पारगम्यता उगाच कमी दिसते. सुरुवातीचं द्रावण, दाता, ग्राही, तिन्ही मोज. तूट किती ते कळेल. दात्यात गढूळपणा दिसला तर आधी विद्राव्यता तपास. आणि तुलनेसाठी भराभर जाणारं प्रोप्रॅनोलॉल, हळू जाणारं अटेनोलॉल प्रत्येक प्लेटवर हवेतच, घाई असली तरी.