सोडिअमने इलेक्ट्रॉन गमावला, मग त्याच्यावर अधिकची खूण कशी?

तुमच्या घणसोलीच्या नववीतल्या मुलाच्या शंका दोन: गमावल्यावर प्रभार वजा व्हायला हवा, अधिक कसा? आणि खाडीत एवढा सोडिअम आहे, तर पाण्याशी भडका का उडत नाही?

पहिली वहीतच सुटते. वरच्या ओळीत प्रोटॉन लिहायला सांगा, खाली इलेक्ट्रॉन. सोडिअमचे प्रोटॉन ११, इलेक्ट्रॉन ११, अणू उदासीन. बाहेरच्या कवचातला एकटा इलेक्ट्रॉन गेला, २,८,१ चं २,८ झालं. आता ११ विरुद्ध १०, शिल्लक +१. गेलं ते ऋण होतं. क्लोरीनचं उलट: तो एक इलेक्ट्रॉन घेतो, प्रोटॉन १७, इलेक्ट्रॉन १८, म्हणून −१. मुलं चुकतात ती प्रोटॉनचा आकडाही बदलून. रासायनिक क्रियेत केंद्रकाला धक्का लागत नाही. प्रोटॉन बदलला तर तो सोडिअमच राहणार नाही.

'सोडिअमला इलेक्ट्रॉन देऊन टाकायचाच असतो' हे क्लासमध्ये सर्रास सांगतात, पण ते खरं नाही. वायुरूपातल्या एक मोल, म्हणजे २३ ग्रॅम सोडिअमचा एकेक इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ४९६ किलोज्यूल खर्च येतो. क्लोरीन तो घेताना ३४९ परत करतो. तोटा १४७ चा. तो भरून निघतो धन आणि ऋण आयन, म्हणजे प्रभार आलेले अणू, एकत्र येऊन स्फटिक बांधतात तेव्हा, कारण तिथे सुमारे ७८७ बाहेर पडतात. दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या भरलेल्या कवचातला, त्याला सुमारे ४५६२ लागतात. हा खर्च कुठूनच निघत नाही, म्हणून सोडिअम +१ वर थांबतो. अष्टकाचा नियम (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन हवेत) पाठ करायला ठीक, पण लोखंडाला लावलात की फसलात: ते +२ ही होतं, +३ ही.

खाडीत सोडिअमचे अणू नाहीतच, आयन आहेत. धातूरूप सोडिअम पाण्याला इलेक्ट्रॉन देतो तेव्हा भडका उडतो; खाडीतला तो केव्हाच देऊन बसलाय. मिठागरांत पाणी आटतं, आयन जवळ येतात, खडा धरतो, प्रभार कोणाचाच बदलत नाही. म्हणून 'मीठ विरघळल्यावर आयन तयार झाले' हेही चूक. होते तेच सुटे झाले.

अणूचा आयन होताना बघायचाय? ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी, तिच्याबरोबर एकसरीत ३३० ओहमचा रेझिस्टर, टोकं सोललेल्या तांब्याच्या दोन तारा आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. नळाचं नको, त्यात आधीच क्षार असतात आणि एलईडी मिठाआधीच मिणमिणते. बॅटरी, रेझिस्टर आणि एलईडी एकामागोमाग जोडा आणि दोन्ही टोकांच्या तारा एकमेकींना न टेकवता पाण्यात सोडा: एलईडी बंद. अर्धा चमचा मीठ ढवळा: लागते. तरीही लागली नाही तर एलईडीचे पाय उलटे जोडलेत. थोड्या वेळाने धन टोकाची तार काळवंडून झिजते, पाण्यात पिवळसर-हिरवट गाळ धरतो. तिथे तांब्याचे अणू इलेक्ट्रॉन सोडून आयन होताहेत. ऋण तारेवर मात्र नुसते हायड्रोजनचे बुडबुडे. तारांऐवजी पेन्सिलीची शिसं वापरलीत तर धन टोकाला क्लोरीन येईल, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि वास आला की बॅटरी काढा. गाळाचं पाणी तोंडाला लावू देऊ नका.