परिषदेला सारांश पाठवताय? आधी 'ब' तुकडीचा कागद शोधा

नमस्कार सर,

नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. दिंडोरी तालुक्यातली अनुदानित शाळा. आठवी 'अ'च्या ३८ मुलग्यांना जुलैपासून बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, पी.टी.च्या तासाला २० मिनिटं दोरीउड्या दिल्या. ६०० मीटर धावण्याची त्यांची वेळ सरासरी ९ सेकंदांनी कमी झाली. 'ब'च्या ३६ मुलग्यांचा नेहमीचा तास चालू होता. त्यांचीही चाचणी दोन्ही वेळा घेतली होती, पण 'त्यांचेही ५ सेकंद कमी झाले, उगाच घोळ नको म्हणून ते वगळतोय' असं तुम्ही लिहिलंय. नाशिकला शारीरिक शिक्षण आणि आरोग्यावर परिषद आहे, त्यांनी ३०० शब्दांचा सारांश मागवलाय. तो मराठीत चालेल का, नैतिक मान्यता म्हणजे काय, फी भरावी का, हे तुमचे बाकीचे प्रश्न.

सर, ज्याला तुम्ही घोळ म्हणताय तोच तुमच्या कामाचा सगळ्यात मोलाचा भाग आहे. 'ब' वगळलीत तर माझ्यासारखी, परिषदेला आलेले सारांश तपासणारी समीक्षक तुमचा सारांश दुसऱ्या परिच्छेदातच बाजूला ठेवेल. 'ब' ठेवलीत तर शेवटपर्यंत वाचेल.

कारण सांगते. पूर्वचाचणी तुम्ही जुलैत घेतलीत. आपल्याकडचा जुलै म्हणजे मैदानात चिखल, पोरं अनवाणी नाहीतर चपला हातात घेऊन धावणारी. उत्तरचाचणी ऑक्टोबरात, मैदान कडक वाळलेलं. एवढ्यानेच वेळ कमी होते, दोरी हातात घेतली नसती तरी झाली असती. त्यात तेरा-चौदा वर्षांचे मुलगे. या वयात तीन महिन्यांत पाय लांबतात, दम वाढतो. शिवाय पहिल्यांदा ६०० मीटर धावणारं पोर पहिल्या फेरीत जीव खाऊन पळतं आणि मग कमरेवर हात ठेवून चालायला लागतं. दुसऱ्या वेळी त्याला अंतराचा अंदाज आलेला असतो.

आणि फक्की, म्हणजे मैदानावर आखलेल्या पांढऱ्या रेषा. तुमच्या मैदानावर २०० मीटरचा ट्रॅक बसत नाही, म्हणून १०० मीटरच्या सहा फेऱ्या मारल्या असं तुम्ही लिहिलंय. जुलैत आखलेली फक्की पावसात वाहून गेली असणार आणि ऑक्टोबरात पुन्हा आखली असणार. आखताना एखादा कोपरा जरा आत आला आणि फेरी तीन मीटरने आखूड झाली, तर सहा फेऱ्यांत अठरा मीटर जातात. तुमची मुलं १५८ सेकंदांत ६०० मीटर धावतात, त्या वेगाने अठरा मीटर म्हणजे पावणेपाच सेकंद. 'ब' तुकडीची सगळी 'सुधारणा' एका चुकलेल्या कोपऱ्यातून आलेली असू शकते. तशी ती आली असेलच असं नाही, पण समीक्षकाच्या डोक्यात हे येतंच. अशा वेळी तुम्हाला वाचवते ती 'ब' तुकडीच, कारण तीही त्याच मैदानावर, त्याच फक्कीच्या आत धावली.

म्हणून तुमचा खरा आकडा ९ नाही, ९ वजा ५, म्हणजे ४ सेकंद. फरकांचं प्रमाण विचलन (मुलामुलांच्या सुधारणेत किती चढउतार आहे त्याचं माप) तुम्ही 'अ'साठी १४ आणि 'ब'साठी १५ सेकंद दिलंय. त्यावरून मी ढोबळ हिशेब केला. दोन तुकड्यांच्या सुधारणेतला फरक ४ सेकंद, आणि त्याची ९५ टक्के विश्वास मर्यादा (खरा फरक ज्या पट्ट्यात असावा तो) साधारण उणे २.७ ते अधिक १०.७. मध्ये शून्य येतो. म्हणजे या आकड्यांवरून दोरीउड्यांचा नेहमीच्या तासापेक्षा जास्त फायदा झाला असं म्हणता येत नाही, आणि झाला नाही असंही छातीठोक सांगता येत नाही. एकट्या 'अ'चा टी-टेस्ट लावलात तर निकाल झकास दिसतो, पी मूल्य ०.००१च्या खाली जातं, म्हणजे नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता हजारात एकाहून कमी. नेमक्या याच कारणासाठी लोक नियंत्रित गट, म्हणजे तुमच्या 'ब'सारखा तुलनेचा गट, गाळतात आणि नेमकं हेच आम्ही शोधत असतो.

निकाल 'आला नाही' म्हणून प्रस्ताव नाकारतात हा समज आपल्या क्षेत्रात फार खोल गेलाय. चांगल्या परिषदेत तसं होत नाही. शंभर प्रस्तावांत पंच्याण्णव जण 'सार्थक फरक आढळला' म्हणत असतात, त्यात एखादा शिक्षक 'दोन्ही तुकड्या सुधारल्या, जादा फायदा स्पष्ट दिसला नाही, मैदानाची स्थिती दोन वेळी वेगळी होती' असं लिहितो तेव्हा समीक्षक खुर्चीत सावरून बसतो. निदान मी तरी बसते.

हिशेबाबद्दल आणखी थोडं. दोन्ही तुकड्यांच्या उत्तरचाचण्यांची तुलना पूर्वचाचणीचा फरक लक्षात घेऊन करा, त्याला आपल्याकडे सहविचरण विश्लेषण (अँकोव्हा) म्हणतात. नाशिकच्या बहुतेक मोठ्या महाविद्यालयांत संख्याशास्त्राचे प्राध्यापक भेटतात, एक्सेलची फाइल नीट असेल तर हे थोड्या वेळाचं काम आहे. मुलं चिठ्ठ्या टाकून विभागलेली नाहीत, आयत्या तुकड्या घेतल्यात, हे एका वाक्यात लिहा. 'यादृच्छिक पद्धतीने निवड केली' हे वाक्य सवयीने टाकू नका, तशी निवड झालेली नाही. आणि लवचिकतेची 'बसून पुढे वाकणे' चाचणीही घेतली होती ना? तिच्यात काहीच फरक नाही म्हणून तीही गाळायचा विचार दिसतोय. गाळू नका. मुख्य मोजमाप ६०० मीटर, दुय्यम लवचिकता, असं सांगून दोन्हींचे निकाल द्या. दोरीउड्यांनी लवचिकता वाढावी असं कुणी म्हटलेलंही नाही.

आता लिहिण्याकडे. तुमच्या मसुद्याची सुरुवात अशी आहे: 'आजच्या धकाधकीच्या व स्पर्धात्मक युगात आरोग्य ही खरी संपत्ती असून…' ३०० शब्दांतले साठ शब्द इथेच गेले. हे वाक्य न वाचता पुढे जायचं हे प्रत्येक समीक्षक शिकलेला असतो. त्याच्या खालोखाल नंबर लागतो धावपटू कविता राऊतच्या उल्लेखाचा. सावरपाड्याच्या पोरीने २०१०च्या आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये रौप्य आणलं याचा अभिमान मलाही आहे, पण तुमच्या आठवीच्या वर्गाबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही. प्रास्ताविकाला एकच वाक्य पुरे: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोमदार हालचाल करायला हवी, आणि शाळेत त्यासाठी हाताशी असतो तो फक्त पी.टी.चा तास. लगेच हेतू:

'इयत्ता आठवीच्या मुलग्यांच्या ६०० मीटर धावण्याच्या वेळेवर, आठवड्यातून तीनदा २० मिनिटांच्या दोरीउड्यांचा बारा आठवड्यांत काय परिणाम होतो, हे नेहमीच्या शारीरिक शिक्षण तासाच्या तुलनेत तपासणे.'

कोण, काय, किती, कशाच्या तुलनेत, कशावर, सगळं एका वाक्यात आलं. पद्धतीला शंभरेक शब्द द्या: सुरुवातीला 'अ'मध्ये ४२ मुलगे होते, शेवटी ३८ उरले, ते चार का गळाले, वेळ कुणी आणि कशाने घेतली, दोन्ही वेळा घड्याळ एकाच माणसाच्या हाती होतं का. ६०० मीटरला हातातलं स्टॉपवॉच चालून जातं. ५० मीटरला असतं तर मी जास्त छळलं असतं, तिथे बोट दाबायला झालेला उशीरच निकाल खाऊन टाकतो. निष्कर्ष दोन ओळींत. 'शासनाने सर्व शाळांत दोरीउड्या सक्तीच्या कराव्यात' छापाची शिफारस नको, एका शाळेच्या दोन तुकड्यांवरून शासनाला सल्ला देता येत नाही. मुली का घेतल्या नाहीत, हा प्रश्न सभागृहात येणारच, उत्तर तयार ठेवा.

नैतिक मान्यतेचा मुद्दा जरा नाजूक आहे. नैतिक मान्यता म्हणजे संशोधन सुरू करण्याआधी नैतिक समितीने त्याला दिलेली परवानगी. माणसांवरच्या आरोग्य संशोधनासाठी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते, आणि सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. बारापर्यंत तोंडी, त्यापुढे लेखी. तुमची मुलं लेखीवाल्या गटात येतात. मुख्याध्यापकांची सही म्हणजे पालकांची संमती नव्हे, हे आपल्याकडे अजून रुजायचंय. शाळेत नैतिक समिती नसतेच, पण महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्ये आपल्या म्हसरूळलाच आहे आणि त्याच्याशी संलग्न वैद्यकीय, आयुर्वेद, फिजिओथेरपी महाविद्यालयं जिल्ह्यात आहेत. त्यांच्याकडे संस्थात्मक समित्या असतात. तिथल्या एखाद्या प्राध्यापकाला सहसंशोधक म्हणून घेतलंत की वाट सोपी होते. अट एकच, मान्यता काम सुरू होण्याआधीची लागते. मागच्या तारखेची मिळत नाही आणि कुणी देऊ केली तर घेऊ नका.

तुमचं काम तर होऊन गेलंय. मग जे आहे ते लिहा: चाचण्या नियमित शारीरिक शिक्षणाचा भाग म्हणून घेतल्या, कुणाची परवानगी होती, पालकांना काय कळवलं होतं. त्यासोबत आयोजकांना आधीच मेल करून विचारा की अशा शालेय नोंदींवर आधारित सारांश ते घेतात का. काही परिषदा घेतात, काही सरळ नाही म्हणतात. पुढच्या कामासाठी मात्र जूनमध्ये शाळा उघडायच्या आधीच समितीकडे अर्ज टाका. सादरीकरणात मुलांचे चेहरे दिसणारे फोटो लावायचे नाहीत, नावांच्या जागी क्रमांक.

फीबद्दल. पत्रक हातात घेऊन बघा: सारांश कोण तपासणार, किती दिवसांत कळवणार, नाकारला तर फीचं काय. सारांश पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी 'अभिनंदन' आणि क्यूआर कोड आला, तर तो कुणी वाचलेला नाही. 'यूजीसी केअर लिस्टेड जर्नलमध्ये हमखास प्रकाशन' असं छापलं असेल तर दुहेरी सावध व्हा. एक तर प्रकाशनाची हमी कुठलंच खरं नियतकालिक देत नाही, आणि दुसरं म्हणजे मान्य नियतकालिकांची ती यादीच यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आयएसबीएन हा पुस्तकाचा नोंदणी क्रमांक असतो, त्यावरून आतल्या मजकुराचा दर्जा कळत नाही. सारांश स्वीकारल्याचं पत्र येईपर्यंत एक रुपयाही भरू नका.

मराठीत पाठवायला हरकत नाही, आपल्याकडच्या बऱ्याच परिषदा मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही घेतात. पत्रकात तसं लिहिलंय का तेवढं बघा. टायपिंग युनिकोडमध्येच करा. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये केलेली फाइल समीक्षकाच्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हांची रांगोळी दिसते. नाव झाकून पाठवायला सांगितलं असेल तर मजकुरातून शाळेचं आणि गावाचं नाव काढा, आणि वर्डच्या फाइलच्या माहितीत लेखक म्हणून तुमचं नाव बसलेलं असतं तेही पुसा. हे जवळजवळ कुणीच करत नाही.

तोंडी की पोस्टर असा पर्याय असेल तर पोस्टर घ्या. तोंडी सत्रात वेळापत्रक कोलमडतं, अध्यक्ष घंटी वाजवतात आणि प्रश्नोत्तरं चहात जातात. पोस्टरपाशी एखादा जाणकार निवांत उभा राहतो आणि तुमच्या मैदानाबद्दल विचारतो.

आता एक करा. दोन्ही तुकड्यांचे आकडे एकाच एक्सेल शीटमध्ये आणा: क्रमांक, तुकडी, जन्मतारखेऐवजी वय महिन्यांत, दोन्ही वेळची उंची-वजन असेल तर ती, दोन्ही वेळचे ६०० मीटर, लवचिकता, आणि किती तासांना हजर होता. हजेरीचा रकाना विसरू नका, गणपतीत आणि नवरात्रात किती तास बुडाले ते त्यातूनच कळेल. शीट तयार झाली की इथेच कळवा, सारांशाचा मसुदा त्यानंतर बघू.