बेस गिटारमध्ये बदल करायचे की बेसच बदलायचा?

अरे, बेसचा आवाज आवडत नाही म्हणून नवे पिकअप (तारांची कंपनं पकडून अँपकडे पाठवणारे चुंबकी भाग) मागवायची घाई नको. आधी नव्या तारा चढव (४५-१०५ जाडीचा सेट चालेल) आणि गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून सेटअप, म्हणजे तारांची उंची आणि नेकचा (तारांखालच्या लांब दांड्याचा) बाक नीट जुळवून घे. बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) जाड ई तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास आली की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मी पहिल्या बेसचे पिकअप हौसेने बदलले, घरघर तशीच! जॅकची अर्थची वायर सुटली होती, एवढंच.

मग नेक बघ:

- नेकला पीळ असेल किंवा ट्रस रॉड (नेकचा बाक जुळवणारी आतली सळई) फिरतच नसेल, तर त्यात पैसे घालू नकोस. दुसरा घे.
- चारऐवजी पाच तारा हव्यात? तरीही दुसराच.
- नेक हाताला छान बसतोय? मग ठेव, पिकअपचं पुढे बघू.

काढलेले पार्ट मात्र जपून ठेव. विकताना गिऱ्हाईक मूळचेच मागतं.