शाळेची सूचना आणि लेकराची खबर

वाचकांचे प्रश्न : प्राथमिक शाळा आणि घर यांच्यात जाणाऱ्या-येणाऱ्या निरोपांविषयी आलेली तीन पत्रे व त्यांची उत्तरे

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळते. पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे आणि प्रत्येक सूचना मी त्यावर न चुकता टाकते. तरीही ऐन दिवशी निम्म्या पालकांना काही माहीत नसते. जंतनाशक गोळीच्या दिवशी तर 31 पैकी 12 मुले आलीच नाहीत. त्यातच एका वडिलांनी दुसऱ्याच्या मुलाची तक्रार गटावर लिहिली आणि दोन दिवस भांडण चालले. गट बंद करून टाकावा का? (एक शिक्षिका)

उत्तर : गट बंद करू नका, मात्र त्याच्याकडून एकच काम घ्या. शाळेची सूचना सगळ्या घरांसाठी सारखी असते, लेकराची खबर एकाच घराची असते. तुमच्या गटावर या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणून सूचना हरवली आणि खबरीचे भांडण झाले.

सूचनेपासून सुरुवात करू. गटावर पडली म्हणजे ती पोहोचली, असे आपण धरून चालतो. घरात एकच स्मार्टफोन असेल, तर तो बहुधा वडिलांबरोबर कामावर जातो; वेणी घालणारी, डबा भरणारी, अंगाला हात लावून ताप पाहणारी आई तो रात्री हातात घेते, तोवर तुमच्या सूचनेवर सुप्रभाताच्या फुलांचा ढीग साचलेला असतो. हजेरीच्या वहीमागे एक रकाना आखा आणि प्रत्येक मुलासमोर लिहून ठेवा, की दिवसभर घरी कोण असते, त्या माणसाजवळ कोणता फोन आहे आणि त्याला वाचता येते की ऐकवावे लागते. एकतीस नावांचे हे काम एका दुपारचे आहे. ज्यांना ऐकवावे लागते त्यांच्यासाठी तुमच्या आवाजातला अर्ध्या मिनिटाचा संदेश पुरतो, आणि ज्यांच्याकडे तसा फोनच नाही त्यांच्या मुलाच्या वहीत दोन ओळी लिहून खाली सही मागावी.

आता सूचनेची भाषा. आपण लिहितो : ‘सर्व पालकांना कळविण्यात येते की, राष्ट्रीय जंतनाशक दिनानिमित्त अल्बेंडाझोल गोळीचे वाटप करण्यात येणार असून विद्यार्थ्यांची उपस्थिती अनिवार्य आहे.’ मीही वर्षानुवर्षे हेच लिहिले. यात आईला हवे ते काहीच नाही. त्याऐवजी असे सांगून पाहा : ‘मंगळवारी शाळेत जंताची गोळी देणार आहोत. दुपारच्या जेवणानंतर, आमच्या समोर, चावून खायची आहे. पोटात जंत जास्त असतील तर थोडे मळमळते किंवा पोटात दुखते, ते थोड्या वेळाने थांबते. मूल आजारी असेल किंवा दुसरे औषध चालू असेल तर आधी सांगा, त्या दिवशी देणार नाही. बरे झाल्यावर देऊ.’ तुमच्याकडची ती बारा मुले घरी का राहिली, हे मी इथून ठामपणे कसे सांगू? पण माझ्या अनुभवात, अशा दिवशी मळमळीची ऐकीव गोष्ट शाळेच्या सूचनेच्या आधी वाडीवर पोहोचलेली असते आणि तिला खोडून काढणारे एकही वाक्य सूचनेत नसते.

भांडणावर तांत्रिक उपाय सोपा आहे : गटावर केवळ शिक्षकांनाच लिहिता येईल अशी सोय सेटिंगमध्ये असते, ती चालू करा. पण पालकांचे तोंड एका बाजूने बंद केले, तर दुसऱ्या बाजूने दार उघडे ठेवावे लागते. शाळा सुटल्यावरची वीस मिनिटे भेटीसाठी राखून ठेवा आणि ती वेळ गटावरच जाहीर करा. गुण, गैरहजेरी, उवा, अंथरूण ओले होणे, मारामारी, यांतले काहीही मुलाचे नाव घेऊन गटावर कधीच लिहू नये, आणि मुलांचे फोटोही त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय टाकू नयेत.

खबरीचे काम याहून नाजूक आहे. मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती पालकांना नियमित भेटून सांगणे हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने, त्याच्या 24 व्या कलमात, शिक्षकाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. प्रत्यक्षात आपण पालक सभा भरवतो. मी एकदा बुधवारी सकाळी अकरा वाजता सभा ठेवली आणि ‘पालकांची जबाबदारी’ या विषयावर सव्वा तास बोललो. सगळे उठल्यावर मागच्या सतरंजीवर बसलेली एक बाई पुढे आली आणि हळूच म्हणाली, ‘गुरुजी, माझी पोर वाचते का हो?’ एवढे एक उत्तर ऐकायला तिने दिवसाचा रोज बुडवला होता आणि सव्वा तासात ते मी दिले नव्हते. त्यानंतर सभा मी बाजाराच्या दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास ठेवू लागलो, भाषण दहा मिनिटांवर आणले आणि उरलेला वेळ प्रत्येक पालकाजवळ मुलाची वही उघडून बसण्यात घालवला. वेळ कोणती सोयीची, हे शाळा व्यवस्थापन समितीला विचारा. कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, तेव्हा सह्यांपलीकडे त्यांचा हा उपयोग नक्की आहे.

आणखी एक करून पाहा. रोज एकाच घरी, एकच चांगली बातमी कळवा : ‘आज तुमच्या मुलीने जोडाक्षर न अडखळता वाचले.’ एकतीस मुलांचा फेरा सव्वा महिन्यात पुरा होतो. शाळेतून फोन आला म्हणजे पोराने काहीतरी केले, अशीच बहुतेक घरांची समजूत असते आणि ती आपणच करून दिलेली आहे. आधी दोनदा चांगले ऐकलेला बाप तिसऱ्या वेळी तक्रारही ऐकून घेतो.

प्रश्न : माझा मुलगा पहिलीत आहे. जूनपासून आठवड्यातून तीन-चार दिवस सकाळी त्याच्या पोटात दुखते, रविवारी मात्र ठणठणीत असतो. बाई म्हणतात नाटक आहे, सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. मी शाळेत जाऊन काय विचारू? (एक आई, ठाणे)

उत्तर : आधी डॉक्टरांना दाखवा, बद्धकोष्ठता, जंत, लघवीतला संसर्ग यांपैकी काही नाही ना, हे कळले पाहिजे. तपासणीत काही निघाले नाही, तरी दुखणे खोटे ठरत नाही. सहा वर्षांच्या मुलाजवळ ‘मला धास्ती वाटते’ हे वाक्य नसते. त्याची धास्ती पोटात उतरते आणि पोट खरोखरच दुखते. रविवारी दुखत नाही, ही लबाडीची खूण म्हणून पाहू नका. दुखण्याचे मूळ कुठे शोधावे, याचा तो पत्ता आहे.

‘तुला कोणी मारले का?’ असा थेट प्रश्न विचारू नका, मूल एक तर गप्प बसते किंवा तुम्हाला हवे ते उत्तर देते. डबा कुणाशेजारी बसून खाल्लास, मधल्या सुट्टीत कुठे होतास, शू लागली तर कुणाला सांगतोस, अशा साध्या गोष्टींवरून बोलणे काढा, तेही भाजी निवडताना किंवा आंघोळ घालताना, समोर बसवून नव्हे. माझ्याकडच्या एका मुलाचे असेच सकाळचे दुखणे अखेर स्वच्छतागृहाच्या दाराशी येऊन थांबले : आतली कडी मोडली होती, मोठी मुले दार ढकलत, म्हणून तो दिवसभर लघवी दाबून धरी आणि सकाळी पाणीही पीत नसे. आठ आण्यांचा खिळा आणि नवी कडी एवढाच उपाय निघाला, पण त्यासाठी तीन महिने गेले, कारण घराला वाटे शाळा पाहील आणि शाळेला वाटे घरी लाड होत आहेत.

शाळेत जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, नोंद घेऊन जा. दोन आठवडे कॅलेंडरवर खूण करा : कोणत्या वारी दुखले, त्या दिवशी कोणता तास होता, आदल्या रात्री झोप किती झाली. झोपेचे मुद्दाम लिहितो, कारण चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे राज्य शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये सांगितले होते, त्यामागचे कारण मुलांची अपुरी झोप हेच होते. मग बाईंना एकच विनंती करा, की आठवडाभर त्याच्यावर लक्ष ठेवून शुक्रवारी पाच मिनिटे भेटा. ‘नाटक’ या शब्दावर वाद घालण्यापेक्षा हे पदरात पाडून घेणे बरे. दरम्यान त्याला घरी ठेवू नका. उशिरा गेला, अर्धा दिवस बसला तरी चालेल. पण घरी राहिलेल्या प्रत्येक दिवसानंतर शाळेचा उंबरठा आणखी उंच होतो.

शाळेत मारहाण किंवा पाणउतारा होतो असे निघाले, तर दोन्ही गोष्टी वर सांगितलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने निषिद्ध आहेत. तेव्हा मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. अंगाला नको तसा हात लावल्याची शंका आली, तर शाळेच्या चौकशीची वाट न पाहता 1098 या बालकांच्या मदत क्रमांकावर किंवा पोलिसांकडे जा. असे काहीच नसून महिन्याभरात फरक पडला नाही, वजन घटू लागले, झोपेत दचकून उठू लागला, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. त्याआधी बोलायचे असल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे. सासूबाई दृष्ट काढत असतील तर काढू द्या. मिठाने कुणाचे वाईट होत नाही, आणि आजी आपल्यासाठी काही करते आहे हे मुलाला कळते.

प्रश्न : मुलगा-सून साखर कारखान्यावर कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, गेलेत. तिसरीतली नात माझ्यापाशी आहे. गुरुजी म्हणतात पोरीचं लक्ष नाही, आई-बापाला बोलवा. ते चैताशिवाय येत नाहीत. दप्तरात एक चिठ्ठी सापडली, ती शेजारच्या पोरानं वाचली : डोळे तपासून घ्या. तारीख महिन्यापूर्वीची आहे. (एक आजोबा, बीड जिल्हा)

उत्तर : आजोबा, आधी चिठ्ठीचे पाहा. शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर येतात, ती त्यांची दिसते. ती घेऊन नातीला जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. या कार्यक्रमातली तपासणी आणि उपचार यांना पैसे पडत नाहीत. फळ्यावरचे दिसत नसेल, तर लक्ष कुठून लागणार? चष्मा मिळेपर्यंत तिला पुढच्या ओळीत बसवायला सांगा.

दुसरे, आई-बापाला बोलवायची गरज नाही. मूल ज्याच्या ताब्यात आणि देखभालीत आहे तो कायद्याच्या भाषेत पालकच, म्हणून सभेला तुम्ही जायचे, सही किंवा अंगठा तुमचा. गुरुजींना सांगून हजेरीपटाजवळ तुमचे नाव आणि शेजाऱ्याचा फोन लिहून घ्या, आणि चिठ्ठी दप्तरात न घालता निरोप तोंडी द्यावा, असेही सांगा. तुम्हाला झेपेनासे झाले, तर तुमच्या भागात हंगामी वसतिगृह चालू आहे का, तेही त्यांनाच विचारा.

तिसरे गुरुजींसाठी लिहितो, हे पान त्यांना वाचायला द्या. पोरगी आई-बापावाचून पाच-सहा महिने काढते आहे. आठवड्यातून एकदा तिच्याकडून धड्यातल्या चार ओळी वाचून घ्याव्यात आणि तो आवाज फोनवरून उसाच्या फडावर आई-बापाला पाठवावा. कोपीवर, म्हणजे त्यांच्या तिथल्या झोपडीत, रेंज कधी मिळते, हे तेवढे आधी मुलाला विचारून ठेवा.