टाइम लूपच्या गोष्टींत तेच तेच पाहून कंटाळा येत नाही का?

तुम्ही विचारलं आहे की टाइम लूपच्या गोष्टीत नायक रोज त्याच दिवसात जागा होतो, तीच माणसं, तेच संवाद, तर बघणाऱ्याला कंटाळा कसा येत नाही? येतो की. पण मी पाहिलंय ते असं : जे आपल्याला आधीच कळलंय ते लेखक पुन्हा समजावून सांगायला लागला, की माणूस कंटाळतो. नुसतं तेच दृश्य परत आलं म्हणून कोणी उठून जात नाही.

हे मी नागपुरात एकांकिका बसवताना प्रेक्षकांच्या मागे उभं राहून शिकलो. आमची एकांकिका गणेशपेठच्या एसटी स्टँडवर घडायची. एक बाई उमरेडच्या गाडीची वाट बघत बसलेली असते आणि तीच दहा मिनिटं तिच्या वाट्याला परत परत येतात. सिनेमात कात्री हाताशी असते. रंगमंचावर प्रत्येक फेरा जिवंत माणसांनी करून दाखवावा लागतो, त्यामुळे लक्ष कुठे सुटलं ते तिथल्या तिथे कळतं. खुर्च्या करकरतात, अंधारात मोबाइल उजळतात.

पहिल्या फेऱ्यात बाकावरचे एक म्हातारे विचारतात, "उमरेडची गाडी लागली का जी?" कोणाचं फारसं लक्षही जात नाही. दुसऱ्या फेऱ्यात ते पिशवी सावरत नुसते उठले, तरी लोक हसायचे, कारण आता काय येणार ते त्यांना माहीत असायचं. तिसऱ्यात आम्ही वाक्य गाळलं होतं. म्हातारे उठायचे, घोषणा व्हायची आणि मधलं वाक्य सभागृह मनात म्हणून घ्यायचं. चौथ्या फेऱ्यात बाक रिकामा. गाडी लागल्याची घोषणा होते आणि विचारणारं कोणी नसतं. त्या क्षणी जी शांतता पसरायची, तशी त्या एकांकिकेत दुसऱ्या कुठल्याच प्रसंगाला मिळाली नाही. ज्याचं नावही सांगितलेलं नाही, अशा माणसाची उणीव चार फेऱ्यांत भासायला लागते. हे काम पुनरावृत्तीच करते.

आणि लक्ष कुठे सुटायचं? बाई जावेला फोन करून आपल्यावर काय ओढवलंय ते सविस्तर सांगायची, तिथे. तालीम बघायला आलेल्या एक आजी मोठ्यांदा म्हणाल्या, "थे त समजलं ना बाप्पा, पुढं काय झालं थे सांग!" त्यांनी नेमकं बोट ठेवलं. लूपच्या गोष्टीत प्रेक्षक नायकाच्या एक पाऊल पुढे असतो. त्याला मागे ओढून आणलंत की तो चिडतो.

आपल्याला हे बाळपणापासून ठाऊक आहे. कावळा चिऊताईच्या दारात उभा राहून तेच म्हणतो, "चिऊताई चिऊताई, दार उघड." चिऊचं उत्तर मात्र दर वेळी पुढे सरकतं : बाळाला अंघोळ घालते, मग पावडर, मग तीट. मुलं ही गोष्ट रोज रात्री मागतात. कावळ्याचं वाक्य हलत नाही म्हणून तर चिऊचं सरकलेलं कळतं.

'ग्राउंडहॉग डे' (1993) अजून टिकून आहे तो याच कारणाने, असं मला वाटतं. हवामान सांगणारा फिल दर सकाळी 6 वाजता त्याच गाण्याने जागा होतो, तारीख कायम 2 फेब्रुवारी. पहिले एक-दोन दिवस दिग्दर्शक हॅरॉल्ड रेमिस सावकाश दाखवतो. पुढे मात्र काटछाट सुरू होते. एका ठिकाणी तर, फिल जिला पटवू पाहतो तिच्या नुसत्या थपडाच एकामागून एक येतात. प्रत्येक थप्पड म्हणजे एक वाया गेलेली संध्याकाळ, हे आपण आपलंच समजून घेतो. पण माझ्यासाठी त्या सिनेमाचा गाभा रस्त्यावरचा म्हातारा भिकारी आहे. फिल त्याला रोज ओलांडून जातो. मग एका रात्री तो मरतो, आणि पुढच्या फेऱ्यांत फिल त्याला गरम सूप पाजतो, गल्लीत त्याच्या छातीवर दाब देत राहतो. तरी तो मरतोच. अख्खं गाव ज्याला पाठ झालंय, त्याचं इथे काही चालत नाही. हे एकदाच दाखवलं असतं तर तो एक दुःखद प्रसंग झाला असता. पुन्हा दाखवल्यामुळे फिलला मृत्यूपुढची आपली मर्यादा कळते, आणि आपल्यालाही.

उलट उदाहरणही तितकंच महत्त्वाचं. 'हारुही सुझुमिया' या जपानी ॲनिमेशन मालिकेने 2009 मध्ये सलग 8 भाग जवळजवळ एकाच गोष्टीचे दाखवले. आळस केला म्हणावं तर तसंही नाही. प्रत्येक भाग नव्याने रेखाटलेला, कपडे वेगळे, दृश्यांचे कोन वेगळे. सुट्टीचे तेच दोन आठवडे 15,000 हून जास्त वेळा उलटलेत आणि ते सगळे फेरे एका मुलीला आठवतात. तिचा थकवा बघणाऱ्याच्या अंगात उतरावा, हा हेतू मला मोठा वाटतो. पण तो थकवा दुसऱ्या-तिसऱ्या भागातच पोचतो. पुढचे भाग त्यात काही घालत नाहीत. प्रेक्षक चिडले ते मला रास्त वाटतं.

पुस्तकात हे आणखी अवघड. ओळखीचा परिच्छेद दिसला की डोळा उडी मारून पुढे जातो. म्हणून लूप लिहिणाऱ्याने सगळी मेहनत पहिल्या फेऱ्यावर करावी. कोणाच्या हातातून काय सांडलं, कोण कोणाला काय म्हणालं, हे सगळं तिथेच पेरावं, पण नंतर लागणार आहे असा वास येऊ न देता. पहिला फेरा रिकामा असेल तर दुसऱ्यात ओळखण्यासारखं काही उरतच नाही.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर तमिळ 'मानाडू' (2021) बघा. त्यात एका टप्प्यावर खलनायकालाही आधीचे फेरे आठवायला लागतात, आणि नायकाकडे असलेला एकमेव फायदा नाहीसा होतो. दृश्यं तीच राहतात, पण आता दोन्ही बाजूंना पुढचं माहीत असतं. ते पाहूनही पुनरावृत्ती नकोशी वाटली, तर हा प्रकार तुमच्यासाठी नाही. बाकीचे बघायचा आग्रह मी करणार नाही.