‘जुन्या बोर्डवर नवी डिस्क चालत नाही’ म्हणून ५८ हजार घालावेत का?

ताई, नमस्कार.

इतर वाचकांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. बार्शीत तुमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. संगणक २०१२ साली असेंबल करून घेतलेला: एच६१ चिपसेटचा (म्हणजे मुख्य चिप एच६१ असलेला) मदरबोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, विंडोज १०. ५०० जीबीची हार्ड डिस्क काठोकाठ भरली आहे आणि सकाळी मशीन सुरू व्हायला पाच-सहा मिनिटं लागतात. दुकानदार म्हणतो, “या बोर्डवर आताच्या डिस्क चालत नाहीत, मशीनच बदला.” त्याचं कोटेशन ५८,००० रुपयांचं. पैसे एकतर १० टक्के फ्लॅट व्याजाच्या बारा हप्त्यांनी द्यायचे किंवा तुमची एक लाखाची मुदत ठेव मोडायची, जिची मुदत संपायला आठ महिने उरलेत. तुमचा भाचा म्हणतो की ४,२०० ची ५०० जीबी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) आणि १०,५०० ची ४ टीबी (एक टीबी म्हणजे हजार जीबी) हार्ड डिस्क टाकली की काम भागेल. कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय.

भाच्याचं ऐका, पण त्याच्या यादीत एक बदल करून. ठेव मोडू नका आणि हप्तेही घेऊ नका.

हार्डवेअर हा माझा व्यवसाय नाही. पण ५८ हजारांचा निर्णय दुकानदाराच्या एका वाक्यावर उभा असेल, तर आधी ते वाक्यच तपासायला हवं. तुमच्या बोर्डच्या बाबतीत ते खरं नाही. एच६१ बोर्डवर साटा पोर्ट, म्हणजे डिस्कची वायर जोडायच्या जागा, असतात, इंग्रजी एल आकाराच्या खाचेचे, बहुतेक बोर्डांवर चार. त्यांचा वेग सेकंदाला ३ गिगाबिट. आजच्या साटा डिस्क ६ गिगाबिटच्या असल्या, तरी जुन्या पोर्टवर लावल्या की त्या स्वतःहून ३ च्या वेगाला उतरतात. साटाची रचनाच तशी ठेवलेली आहे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क मुळात सेकंदाला दीड-दोनशे एमबीच्या पुढे फारशी जात नाही आणि तुमचा पोर्ट पावणेतीनशेच्या आसपास देतो, म्हणजे तिचं काहीच अडत नाही. एसएसडीचा कमाल वेग मात्र या पोर्टवर निम्म्यावर येईल. तरीही मशीन सुरू होणं, फोटोशॉप उघडणं, फोल्डरमधले छोटे फोटो दिसणं यांत जमीन-अस्मानाचा फरक पडेल, कारण तिथे खरा वेळ जातो तो डिस्कवर विखुरलेल्या हजारो छोट्या फायली शोधण्यात.

दुकानदाराच्या बोलण्यात खरा अंश एवढाच की काही नव्या डिस्क तुमच्याकडे खरंच चालणार नाहीत. च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एम.२ एसएसडी घेऊ नका. तिच्यासाठी लागणारी खाच २०१२ च्या एच६१ बोर्डवर नसते. अ‍ॅडॉप्टर कार्ड लावून एनव्हीएमई जातीची (साटापेक्षा वेगळ्या, जास्त वेगाच्या पद्धतीची) पट्टी विंडोजला कदाचित दिसेलही, पण त्या काळातले बायोस (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम) तिच्यावरून विंडोज सुरू करत नाहीत. तुम्हाला हवी आहे अडीच इंची साटा एसएसडी. बिलावर ‘साटा’ आणि ‘२.५ इंच’ हे दोन्ही लिहून घ्या.

दुसरी अडचण आकाराची आहे, आणि भाच्याच्या यादीत मला जो बदल हवा आहे तो इथेच. डिस्कचे भाग पाडण्याची जुनी पद्धत, एमबीआर, साधारण २.२ टीबीच्या पुढचं मोजूच शकत नाही. ४ टीबीची डिस्क त्या पद्धतीने तयार केली तर उरलेली जागा वापरता येत नाही. जीपीटी या नव्या पद्धतीने केली तर ६४ बिट विंडोज १० ला ती पूर्ण दिसते. फक्त बायोस जुन्या ‘लेगसी’ पद्धतीचा असेल तर तिच्यावरून विंडोज सुरू होत नाही. तुमची विंडोज एसएसडीवर राहणार असल्याने ते चालून जातं. मात्र इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर (डिस्क हाताळणारं छोटं सॉफ्टवेअर) फार जुना असेल तर वेगळाच गोंधळ होतो: ३ टीबीची डिस्क ७४६ जीबीची दिसते. गिऱ्हाईक डिस्क खराब म्हणून परत करायला धावतं आणि दुकानदार म्हणतो, “बघा, मी सांगितलं होतं.” ड्रायव्हर नवा घातला की जागा पुरी दिसते.

पण तुम्हाला ४ टीबी आत्ता लागते का? तुमच्याच पत्रात आहे की वर्षाला ३००-३५० जीबी फोटो साठतात. त्या हिशेबाने आत्ताचे फोटो धरूनही २ टीबी तुम्हाला चार वर्षं तरी पुरेल. शिवाय २ टीबी त्या २.२ च्या मर्यादेच्या आत बसते, त्यामुळे वरची सगळी झंझट टळते. तुम्ही कळवलेल्या भावांत २ टीबीची आतली डिस्क ५,८०० ला आणि यूएसबीची बाहेरची २ टीबी ६,५०० ला आहे. दर टीबीमागे ४ टीबीची डिस्क स्वस्त पडते हे मान्य, पण मग सगळ्यांच्या लग्नांचे फोटो एकाच डिस्कवर राहतात. तुमचं पत्र वाचताना माझा जीव खालीवर झाला तो संगणकाच्या संथपणामुळे नाही. तेरा-चौदा वर्षं चाललेल्या एकाच डिस्कवर गिऱ्हाइकांचे फोटो आहेत आणि दुसरी प्रत कुठेही नाही, यामुळे. उद्या ती डिस्क बंद पडली आणि एखाद्या घरच्या लग्नाचा अल्बम द्यायचा राहिला असेल, तर आगाऊ रक्कम परत करून विषय संपत नाही. तालुक्याच्या गावात धंदा नावावर चालतो.

म्हणून पैसे या क्रमाने घाला. आधी बाहेरची २ टीबी डिस्क, हवं तर याच आठवड्यात, आणि आत्ताचं सगळं तिच्यावर उतरवा. तुमच्या बोर्डच्या चिपसेटमध्ये यूएसबी ३ नाही. कॅबिनेटच्या मागे निळ्या रंगाचं पोर्ट दिसलं तर कंपनीने वेगळी चिप दिली आहे असं समजा; नसेल तर ६० जीबीचं एक लग्न उतरायला अर्धा तास धरा. रात्री लावून ठेवलं की झालं. ही डिस्क स्टुडिओत ठेवायची नाही, घरी न्यायची. त्यानंतर एसएसडी आणि आतली २ टीबी. सगळं मिळून १६,५००, बसवण्याची मजुरी धरून १७ हजार.

आता दुकानदाराचं कोटेशन शांतपणे पुन्हा वाचा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत चौथ्या ओळीत ‘५१२ जीबी एनव्हीएमई’ लिहिलंय आणि वेगळी हार्ड डिस्क कुठेच नाही. म्हणजे ५८ हजार देऊनही तुमची जागा आहे तेवढीच राहते आणि फोटो ठेवायला या डिस्क वेगळ्या घ्याव्याच लागतात. त्या मशीनची खरी किंमत ७० हजारांच्या घरात जाते. उलट आज घेतलेल्या तिन्ही डिस्क पुढे कधी मशीन बदललं तरी त्यात लागतील, कारण साटा पोर्ट आजच्या डेस्कटॉप बोर्डांवरही असतात. १७ हजारांतले मजुरीचे पाचशे सोडले तर काहीच वाया जात नाही.

पैसे उभे करण्याचे दोन्ही मार्ग महाग आहेत. १० टक्के फ्लॅट ऐकायला बरं वाटतं: ५,८०० व्याज, महिना साधारण ५,३१७ चा हप्ता. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर लागतं, त्यामुळे प्रत्यक्षात दर १८ टक्क्यांच्या जवळ पडतो. प्रक्रिया शुल्क वेगळं. ७ टक्क्यांची ठेव २८ महिन्यांनी मोडली आणि बँकेने एक टक्का कापला तर सुमारे अडीच हजार जातात. तेवढ्या मुदतीचा बँकेचा दर ७ पेक्षा कमी असेल तर आणखी जातील. १७ हजारांसाठी यातलं काहीच करावं लागत नाही. तुमच्या बचत खात्यात ४० हजार आहेत, त्यातून द्या आणि पुढच्या सहा महिन्यांत ते भरून काढा.

“मार्चच्या आत घ्या, टॅक्स वाचेल” हेही तुम्हाला सांगितलं गेलंय. संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो हे खरं, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्माच, म्हणजे ५८ हजारांवर ११,६००. एवढी वजावट मिळते, एवढा कर वाचत नाही. आणि तुमचं निव्वळ उत्पन्न वर्षाला पाच लाखांच्या आसपास आहे. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य येतो. जो कर तुम्हाला लागतच नाही तो वाचवायला ५८ हजार कशाला घालायचे?

हे मशीन कायम चालेल असं मी म्हणत नाही. विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर बसत नाहीत. त्यामुळे नेट बँकिंग आणि जीएसटीचं काम या मशीनवर करू नका. हे मशीन फोटोपुरतं ठेवा. बचत खातं भरून निघालं की नव्या मशीनसाठी महिना ३,५०० ची आरडी सुरू करा, तेवढी शिल्लक राहते असं तुम्ही लिहिलंच आहे. तिथून दीड वर्षात ६३ हजार आणि वर व्याज जमेल, तेही कोणाचे हप्ते न भरता. ठेव आठ महिन्यांनी पिकली की तिला हात लावायचा की नाही, ते तेव्हा ठरवू.

माझं मत बदलेल ते दोन गोष्टींनी. बोर्डवरचे छोटे डबीसारखे कपॅसिटर वर फुगलेले दिसले किंवा काम चालू असताना मशीन मध्येच बंद पडत असेल, तर त्याच्यावर भरवसा टाकण्यात अर्थ नाही. तेव्हा फक्त बाहेरची डिस्क घ्या आणि मशीनसाठी ठेवीवर कर्ज घ्या. ते साधारण ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने मिळतं, फ्लॅट हप्त्यांपेक्षा पुष्कळ स्वस्त.

खरेदीआधीची तपासणी भाच्याला पंधरा मिनिटांत जमेल. विंडोजच्या शोधपट्टीत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधून उघडायचं आणि बोर्डचा नंबर आणि ‘बायोस मोड’ या दोन ओळींचा फोटो काढायचा. मग वीज बंद करून, पिन काढून, कॅबिनेटची डावी बाजू उघडायची. मोकळे साटा पोर्ट किती आणि एसएमपीएसमधून (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) येणारे चपटे, रुंद साटा वीजप्लग किती, ते मोजायचं. दोन्ही दोन-दोन हवेत. प्लग कमी पडला तर जोडणीची वायर घेता येते, फक्त अगदी स्वस्तातली नको, ती तापून वितळल्याची उदाहरणं आहेत. एसएसडीवर विंडोज टाकण्याआधी बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) जुना ‘आयडीई’ असेल तर नवा ‘एएचसीआय’ करायला सांगा. नंतर बदलला तर विंडोज बहुधा उघडतच नाही.

डिस्क रिफर्बिश्ड नको, सीलबंद घ्या. बिलावर सिरीयल नंबर असू द्या आणि पैसे देण्याआधी कंपनीच्या साइटवर त्याची वॉरंटी तपासा. जमलं तर कॅबिनेटच दुकानात घेऊन जा, नवी डिस्क तिथेच लावून बायोसमध्ये तिचं नाव आणि पूर्ण आकार दिसतो का ते स्वतः बघा. दिसलं की पैसे द्या.